मार्टिनीच्या उजव्या अंगावरची अक्षरं

मार्टिनी-हेन्री, म्हणजे एकोणिसाव्या शतकातली ब्रिटिश सैन्याची एकबारी रायफल, हातात आली की सगळ्यात आधी लिव्हर खाली ओढायचा. ब्लॉक, म्हणजे नळीचं मागचं तोंड बंद करणारा ठोकळा, खाली बसला की वरून डोकावून चेंबर, म्हणजे काडतूस बसतं ती जागा, पाहायचं आणि खात्रीसाठी करंगळीचं टोक आत घालून बघायचं. बंदूक दीडशे वर्षांची आहे म्हणजे ती रिकामीच असणार, असं कधीही धरून चालू नये. जुनं काडतूस गंजाने चेंबरला चिकटून बसतं आणि अंधारात ते चेंबरच्या भिंतीसारखंच काळं दिसतं. चेंबर रिकामं आहे हे कळलं, की मग ती आडवी धरायची आणि रिसीव्हरची, म्हणजे ब्लॉक ज्यात बसतो त्या लोखंडी पेटीची, उजवी बाजू उजेडाकडे करायची. तिथे वरून खाली असा एक मजकूर ठोकलेला असतो: मुकुट, त्याखाली व्ही. आर., मग कारखान्याचं नाव, मग वर्ष, मग रोमन आकडा.

मुकुट आणि व्ही. आर. म्हणजे व्हिक्टोरिया राणीचं सरकार. ही मालकाची खूण झाली. नाव ‘एनफिल्ड’ असेल तर रायफल सरकारी कारखान्यात बनली. दुसरं काही असेल तर खासगी कंपनीने कंत्राटावर बनवून दिली. रोमन आकडा म्हणजे मार्क, म्हणजे त्या नमुन्याची कितवी सुधारणा ते. त्या आकड्याजवळ आणखी एक छोटा १ किंवा २ असतो, तो रायफलीचा दर्जा सांगतो. पहिल्या दर्जाची म्हणजे पूर्ण मापात असलेली, दुसऱ्या दर्जाची म्हणजे वापरून, दुरुस्त करून पुन्हा दिलेली. एवढ्या पाच-सहा ठशांत निम्मी ओळख होते. उरलेली निम्मी मात्र ते ठसे कोणाच्या व्यवहारातून आले हे कळल्याशिवाय होत नाही. जुन्या रायफलीचा अभ्यास करणारे बरेच जण बोअर (नळीचा आतला व्यास), लांबी, वजन यांत अडकतात आणि कंपन्यांचा इतिहास कंटाळवाणा म्हणून सोडून देतात. माझं मत नेमकं उलट आहे. रायफलीचं वय, मूळ, ती अस्सल आहे की नाही, तिच्यात नंतर काय बदललं, या सगळ्यांची उत्तरं कंत्राटांत, दिवाळखोरीत आणि कंपन्यांच्या बदलत्या नावांत सापडतात. सातबाऱ्यावरचे फेरफार वाचावेत तसे हे ठसे वाचावे लागतात.

या रायफलीच्या नावात दोन माणसं आहेत, पण तिची मूळ कल्पना तिसऱ्याचीच. बॉस्टनच्या हेन्री पीबॉडीने २२ जुलै १८६२ रोजी अमेरिकेत एक पेटंट घेतलं. नळीच्या मागे एक ठोकळा, तो मागच्या टोकाला खिळीवर अडकवलेला. ट्रिगरभोवतीचं कडं लिव्हरसारखं खाली ओढलं की ठोकळ्याचं पुढचं टोक खाली झुकतं, चेंबर उघडं पडतं आणि रिकामं काडतूस बाहेर फेकलं जातं. स्फोटाचा धक्का सरळ मागच्या जाड भिंतीवर जातो, म्हणून बांधणी मजबूत. पीबॉडीच्या रायफलीला घोडा मात्र बाहेर, उजव्या बाजूला असे, जुन्या तोंडाने भरायच्या बंदुकींसारखा. लिव्हर ओढून भरायचं आणि मग घोडा वेगळा चढवायचा, अशी दोन कामं.

ही रायफल बनवली ऱ्होड आयलंडमधल्या प्रॉव्हिडन्स टूल कंपनीने. तिचा मूळ धंदा नट, बोल्ट, वॉशर असल्या लोखंडी मालाचा. अमेरिकेच्या यादवी युद्धात तिने सरकारला स्प्रिंगफील्ड नमुन्याच्या बंदुका पुरवल्या आणि त्यातून बंदुकीसाठी लागणारी यंत्रं व कारागीर तिच्याकडे गोळा झाले. युद्ध संपलं तेव्हा यंत्रं होती पण गिऱ्हाईक नव्हतं. म्हणून पीबॉडी रायफल परदेशी सरकारांना विकायला काढली: कॅनडा, स्वित्झर्लंड, रुमानिया, पुढे फ्रान्स. रिसीव्हरवर ‘पीबॉडीज पेटंट, जुलै २२, १८६२’ आणि कंपनीचं नाव ठोकलेलं असतं. इथे नवखे लोक हमखास फसतात. ती पेटंटची तारीख आहे, बंदुकीची नव्हे. १८६२ वाचून यादवी युद्धातली बंदूक म्हणून विकलेली पीबॉडी प्रत्यक्षात पुढच्या दहा वर्षांतली कुठलीही असू शकते. हा नियम सगळ्या अमेरिकन बंदुकांना लागू आहे: ठशातली सर्वांत अलीकडची पेटंट तारीख ‘याच्या आधीची नाही’ एवढंच सांगते, त्यापलीकडे काही नाही.

स्वित्झर्लंडने पीबॉडी घेतली आणि ती फ्राउएनफेल्ड गावच्या फ्रीडरिश फॉन मार्टिनी या यंत्रकाराच्या नजरेस आली. त्याने बाहेरचा घोडा काढून टाकला. ठोकळ्याच्या पोटात कॉइल स्प्रिंगवर चालणारा स्ट्रायकर, म्हणजे काडतुसावर आघात करणारी सुई, बसवला आणि लिव्हर खाली ओढतानाच तो ताणला जाईल अशी रचना केली. दोन कामांचं एक काम झालं. घोडा नसल्याने रायफल ताणलेली आहे की नाही ते बाहेरून कळेना, म्हणून रिसीव्हरच्या उजव्या बाजूला थेंबाच्या आकाराचा एक दर्शक आला, तो स्ट्रायकर ताणला की तिरपा होतो. मार्टिनीचं यंत्रशाळेचं काम बंदुकीपुरतं नव्हतं. त्याच्या कारखान्याने पुस्तकबांधणीची यंत्रं बनवली आणि पुढे मार्टिनी नावाच्या मोटारगाड्याही स्वित्झर्लंडच्या रस्त्यांवर धावल्या.

ब्रिटिश सैन्याने १८६० च्या दशकात नव्या रायफलीसाठी चाचण्या घेतल्या. मागची यंत्रणा मार्टिनीची निवडली, नळी एडिनबरोच्या अलेक्झांडर हेन्रीची, आणि १८७१ मध्ये मार्टिनी-हेन्री स्वीकारली. पीबॉडीचं नाव ब्रिटिश ठशात कुठेच आलं नाही. अमेरिकेत मात्र प्रॉव्हिडन्स टूलने मूळ पेटंट आपल्याकडे असल्याने या सुधारित रायफलीला पीबॉडी-मार्टिनी म्हटलं. म्हणून ठशात ही दोन नावं एकत्र दिसली की कारखाना अमेरिकेचा, हे तिथल्या तिथे नक्की होतं.

या पीबॉडी-मार्टिनीची कहाणी मला या सगळ्यात सर्वांत महत्त्वाची वाटते, कारण एवढी चांगली वस्तू बनवूनही कंपनी बुडू शकते हे तिच्यात दिसतं. १८७२ मध्ये ऑटोमन तुर्कस्तानला आपलं सैन्य आधुनिक करायचं होतं. कंत्राट आधी विंचेस्टर या अमेरिकन बंदूक कंपनीने मिळवलं आणि ते प्रॉव्हिडन्सकडे आलं. मागणी वाढत वाढत सुमारे ६,००,००० रायफलींपर्यंत पोचली. एका नट-बोल्टच्या कंपनीने त्यासाठी यंत्रं वाढवली, माणसं वाढवली, लाकूड-पोलादाची उधारी घेतली. रायफली चांगल्या बनल्या. १८७७ मध्ये रशियाशी झालेल्या युद्धात, प्लेव्हनाच्या वेढ्यात, उस्मान पाशाच्या तुर्की सैन्याने याच रायफलींनी लांबच्या पल्ल्यावर रशियनांची मोठी हानी केली. पण त्याच युद्धाने तुर्कस्तानचा खजिना रिता केला. पैसे उशिरा आले, तुकड्यांनी आले, आणि एकाच गिऱ्हाइकावर उभी राहिलेली कंपनी १८८० च्या दशकाच्या सुरुवातीला कोसळली. तिच्यातून ऱ्होड आयलंड टूल कंपनी उभी राहिली आणि ती पुन्हा लोखंडी मालाकडे वळली. शेवटच्या वर्षांत त्याच कारखान्यातून ‘हाउसहोल्ड’ नावाची शिवणयंत्रंही निघाली होती.

ओळखीच्या दृष्टीने याचा उपयोग असा. तुर्की रायफलीवर सुलतानाचा तुघरा (राजमुद्रा) आणि ऑटोमन लिपीतला मजकूर असतो, अनुक्रमांकही त्या लिपीच्या आकड्यांत. तिच्यात दोन प्रकार मानतात: सुरुवातीच्या ‘ए’ प्रकाराला ट्रिगरजवळ सेफ्टीचा खटका असतो, नंतरच्या ‘बी’ प्रकाराला तो नाही. कंत्राट पुढे सरकलं तशी ही सोय गाळली. बोअर .४५ च्या आसपास, पण काडतूस ब्रिटिश मार्टिनीपेक्षा वेगळं; दोन्ही ‘मार्टिनी’ म्हणून एकमेकांत घालायला जाऊ नये. आणि तुर्की रिसीव्हरवर ७.६५ मिलिमीटरची बारीक नळी दिसली तर ती बनावट समजू नये. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तुर्कस्तानने आपल्या जुन्या मार्टिनींना माउझर या जर्मन रायफलीच्या काडतुसाच्या नळ्या बसवून घेतल्या होत्या. प्रॉव्हिडन्सने नेमबाजांसाठी थोड्या क्रीडा-रायफलीही काढल्या: ‘क्रीडमूर’, ‘मिड-रेंज’, ‘व्हॉट चीअर’, ‘किल डियर’. त्या संख्येने फार कमी आहेत, म्हणून त्या नावाचा ठसा दिसला तर आधी संशय घ्यावा आणि मग खातरजमा करावी.

आता ब्रिटनकडे. एनफिल्ड सोडून आणखी तीन नावं उजव्या बाजूला भेटतात, आणि तिन्हींचा शेवट वेगवेगळा झाला.

एल. एस. ए. कं. म्हणजे लंडन स्मॉल आर्म्स. १८६६ ची कंपनी, कारखाना लंडनच्या बो भागात. तिचं काम नीटस, संख्या कमी.

एन. ए. अँड ए. कं. म्हणजे नॅशनल आर्म्स अँड अ‍ॅम्युनिशन. १८७२ मध्ये बर्मिंगहॅममध्ये मार्टिनीच्या पेटंटाचे हक्क हाताशी धरून ही कंपनी उभी राहिली. स्पार्कब्रुकला प्रशस्त कारखाना बांधला. प्रशियाला माउझर रायफलीही पुरवल्या. पण सरकारी मागणी एनफिल्डकडेच जात राहिली आणि एवढा मोठा कारखाना चालवायला खासगी ऑर्डरी पुरल्या नाहीत. १८८० च्या दशकात तो कारखाना सरकारने घेतला. म्हणून ‘स्पार्कब्रुक’ असा ठसा आणि ‘एन. ए. अँड ए.’ असा ठसा, हे एकाच इमारतीतले दोन काळ आहेत: आधी कंपनीचा, मग सरकारचा. पुढे १९०६ मध्ये सरकारने तीच इमारत बीएसएला विकली.

बीएसए हे नाव मराठी वाचकाला सायकलीमुळे ओळखीचं आहे. बीएसए एसएलआर ही सायकल कितीतरी घरांत होती. बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स ही मूळची बंदुकीची कंपनी. एनफिल्डच्या सरकारी कारखान्यात अमेरिकन पद्धतीची यंत्रं आली आणि हाताने बंदुका घडवणाऱ्या बर्मिंगहॅमच्या कारागिरांचं पोट धोक्यात आलं. तेव्हा १८६१ मध्ये १४ बंदूककारांनी एकत्र येऊन यंत्रावर चालणारा आपला कारखाना स्मॉल हीथला काढला. १८७३ मध्ये या कंपनीने काडतुसांचा कारखाना घेतला आणि नाव झालं बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स अँड मेटल कंपनी. १८९७ मध्ये काडतुसांचा धंदा विकून टाकला आणि नावातला ‘मेटल’ गेला. बंदूक ओळखणाऱ्याच्या हातात यातून एक नेमकी फूटपट्टी आली: रिसीव्हरवर ‘बी. एस. ए. अँड एम. कं.’ असेल तर रायफल १८७३ ते १८९७ मधली. तोच ‘एम’ आणि खाली १९०२ साल असेल, तर काहीतरी जुळत नाही. एकतर साल नंतर ठोकलंय किंवा अख्खी बंदूकच नक्कल आहे.

सरकारी कंत्राट थांबलं की बंदुकीचा कारखाना कसा उपाशी राहतो, हेही बीएसएने पाहिलं. १८७९ च्या सुमारास स्मॉल हीथचा कारखाना वर्षभर बंद होता. १८८० मध्ये तिथे सायकलीसारखी वाहनं बनायला लागली, ती याच उपासामुळे. बंदुकीचे भाग एकमेकांत चपखल बसतील अशा मापात कापणारी यंत्रं सायकलीच्या हबसाठीही तितकीच कामाची होती. कंपनीचं बोधचिन्ह मात्र बंदुकांचंच राहिलं: एकमेकींना टेकवून उभ्या केलेल्या तीन रायफली, आणि त्या मार्टिनी-हेन्रीच. एनफिल्डला रायफलीचे भाग पुरवणाऱ्या दुसऱ्या एका सायकल कंपनीने त्या कंत्राटाच्या अभिमानाने ‘रॉयल एनफिल्ड’ हे नाव घेतलं. आज बुलेटच्या टाकीवर ते वाचताना कोणी मार्टिनी-हेन्री आठवत नाही, पण धागा तिथूनच येतो. आणि बीएसए हे मोटरसायकलीचं नाव २०१६ मध्ये महिंद्र समूहाच्या कंपनीने घेतलं.

विसाव्या शतकात बीएसएने मार्टिनीची यंत्रणा लहान करून .२२ बोअरच्या नेमबाजीच्या रायफली काढल्या आणि ऑस्ट्रेलियाच्या शाळकरी कॅडेटांसाठी .३१० बोअरच्या. त्या कॅडेट रायफलींवर कांगारूचा ठसा असतो. या छोट्या मार्टिनींचा रिसीव्हर हातात मावतो, आणि त्यांना ‘मार्टिनी-हेन्री’ म्हणून विकणारे भेटतात. लांबी मोजली तरी फरक कळतो: सैन्याची लांब मार्टिनी-हेन्री जवळपास ४९.५ इंच, तिची नळी ३३.२ इंच, वजन ४ किलोच्या आतबाहेर.

मार्क ओळखायला रोमन आकडा असतोच, पण आकडे ठोकता येतात, लाकूड-लोखंड बदलत नाही. म्हणून आकड्यावर थांबू नये. मार्क एकच्या बहुतेक रायफली नंतर मार्क दोनमध्ये बदलल्या गेल्या, त्यामुळे मूळ स्थितीतली मार्क एक क्वचित मिळते. १८७७ ची मार्क दोन सर्वांत जास्त बनली. तिच्या नळीखालचं लाकूड रिसीव्हरजवळ आडव्या खिळीने धरलेलं असतं. १८७९ च्या मार्क तीनमध्ये ती खिळी गेली आणि लाकूड आतल्या हुकाने रिसीव्हरला अडकलं. लाकडाच्या बाजूला खिळीचं टोक दिसतं का, हे बघणं दोन सेकंदांचं काम आहे. १८८८ च्या मार्क चारचा लिव्हर लांब असतो, दस्त्याच्या गळ्याखालून चांगला मागे जातो, आणि रिसीव्हर मागच्या बाजूला बारीक केलेला असतो.

लिव्हर लांब का झाला, याचं कारण काडतुसात आहे. वुलिचच्या सरकारी शस्त्रागारातल्या कर्नल बॉक्सरने आखलेलं मूळ काडतूस पातळ पितळी पत्रा गुंडाळून केलेलं होतं, तळाला लोखंडी चकती. आत ८५ ग्रेन (दारू-गोळीच्या वजनाचं इंग्रजी माप) काळी दारू, पुढे कागदात गुंडाळलेली ४८० ग्रेनची शिशाची गोळी. भराभर बार काढले की नळी तापते, काळ्या दारूची काजळी चेंबरमध्ये साचते, पत्रा फुगून चिकटतो. आणि लिव्हर जोरात ओढला की चकती तुटून हातात येते, पत्रा मात्र आतच. १८८५ मध्ये सुदानच्या वाळवंटात हे इतक्या वाईट वेळी घडलं की त्यानंतर अखंड ओढलेल्या पितळेची काडतुसं आणली गेली. लांब लिव्हरला तरफेचं बळ जास्त, म्हणून अडकलेलं काडतूसही निघतं. जुन्या मार्टिनीचा एक्स्ट्रॅक्टर, म्हणजे रिकामं काडतूस ओढून काढणारा भाग, तपासताना हे लक्षात ठेवावं: त्याची दोन टोकं वाकलेली किंवा झिजलेली असणं हा गैरवापर नसतो, बऱ्याचदा तो या काडतुसाचा परिणाम असतो.

१८८९ नंतर .३०३ काडतूस आलं आणि हजारो मार्टिनींना बारीक नळ्या बसल्या. आधी मेटफर्ड पद्धतीच्या, १८९५ पासून एनफिल्ड पद्धतीच्या रायफलिंगच्या (नळीच्या आतल्या पीळदार खाचांच्या). या बदलाचे ठसे डाव्या बाजूला असतात. म्हणून उजवीकडे १८७९ आणि डावीकडे १८९६ वाचून गोंधळू नये, दोन्ही खरे. एका रायफलीची दोन आयुष्यं आहेत ती.

हिंदुस्थानात ही रायफल गोऱ्या आणि देशी पलटणींना एकाच वेळी मिळाली नाही. १८५७ नंतर देशी पलटणींना एक पिढी जुनं हत्यार द्यायचं, असं सरकारचं धोरण होतं. २७ जुलै १८८० च्या अफगाणिस्तानातल्या मैवंदच्या लढाईत गोऱ्या ६६ व्या पलटणीकडे मार्टिनी-हेन्री होत्या आणि शेजारी लढणाऱ्या बॉम्बे ग्रेनेडियर्स व जेकब्स रायफल्सकडे त्याआधीच्या पिढीच्या स्नायडर रायफली. एकाच रणांगणावर दोन वेगळी काडतुसं. देशी पलटणींच्या हातात मार्टिनी आली तेव्हा ब्रिटिश सैन्य मॅगझिनच्या (एका वेळी अनेक काडतुसं भरता येणाऱ्या) रायफलींकडे वळू लागलं होतं. हिंदुस्थानच्या खात्यात आलेल्या मालावर सरकारी मालकीच्या बाणाच्या खुणेसोबत ‘आय’ हे अक्षर असतं, ते दस्त्याच्या लाकडातही शोधावं. लाकूड घासून गुळगुळीत केलं असेल तर ही खूण सगळ्यात आधी पुसली जाते.

इथून पुढे बनावटीचा प्रश्न येतो. खैबरच्या परिसरात, विशेषतः दर्रा आदम खेलमध्ये, कारागिरांनी हाताने मार्टिनी बनवल्या. कानस आणि छिन्नीने काढलेलं ते काम पाहून हात जोडावेत असं आहे, पण ते एनफिल्डचं नाही. या कारागिरांना इंग्रजी वाचता येत नसे, समोरच्या रायफलीवरचे ठसे ते चित्र म्हणून उतरवत. म्हणून ‘एनफिल्ड’मधला एन उलटा, स्पेलिंग चुकलेलं, मुकुट चपटा, आकड्यांची उंची कमीजास्त. सर्वांत सोपी कसोटी सालाची: व्हिक्टोरिया राणी २२ जानेवारी १९०१ ला वारली. व्ही. आर. आणि खाली १९०५ असं असेल तर विषय संपला. याशिवाय अस्सल रायफलीवर प्रत्येक भागावर तपासनिसाचे बारीक ठसे असतात, स्क्रूच्या खाचा सारख्या रुंदीच्या असतात. नकलेत मोठा ठसा एकच असतो आणि बाकी लोखंड कोरं. ही रायफल भिंतीवर शोभते. तिच्यात बार घालू नये. हातात आलं ते लोखंड, कधी रेल्वेच्या रुळांचंही, न कसता वापरलेलं असे, आणि त्याचा रिसीव्हर दाब सोसेल याची कसलीच हमी नाही.

देवनागरी ठसे असलेल्या मार्टिनीही मिळतात, आणि त्या पाहून आपल्याकडच्या एखाद्या संस्थानाच्या असाव्यात असं वाटण्याचा मोह होतो. आधी नेपाळचा विचार करावा. काठमांडूच्या लगन सिलेखान्यात (शस्त्रागारात) साठवलेला जुन्या हत्यारांचा प्रचंड साठा २००३ मध्ये दोन अमेरिकन व्यापाऱ्यांनी विकत घेतला आणि तेव्हापासून नेपाळी खुणांच्या रायफली जगभर फिरत आहेत. त्यांतल्या काही अस्सल ब्रिटिश, वर नेपाळी पलटणींच्या खुणा ठोकलेल्या. काही मात्र नेपाळमध्येच घडवलेल्या: जनरल गहेंद्र शमशेर यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या गहेंद्र रायफली. बाहेरून मार्टिनीच वाटते, पण ब्लॉक उघडला की आत कॉइल स्प्रिंगऐवजी सपाट स्प्रिंग दिसते, कारण तिचा आधार वेस्टली रिचर्ड्सची रचना होती. साल देवनागरीत असेल तर ते विक्रम संवताचं असतं; इसवी सनासाठी साधारण ५७ वजा करावेत. १९४५ वाचून दुसरं महायुद्ध समजू नये, ते १८८८ आहे.

शिकारीच्या मार्टिनींवर आणखी एक फसगत असते. नळीवर सुबक अक्षरांत कलकत्त्याच्या किंवा मुंबईच्या दुकानाचं नाव कोरलेलं असतं आणि लोक त्यालाच कारखानदार समजतात. मँटन, रॉडा ही कलकत्त्याची विक्रेती मंडळी. आर्मी अँड नेव्ही सोसायटीची मुंबईतली शाखा काळा घोड्याजवळ होती, ती इमारत आजही त्याच नावाने ओळखली जाते. बंदूक मात्र बहुतेकदा बर्मिंगहॅमहून नाव न घालता येत असे. खरा मूळ पत्ता नळीच्या खालच्या अंगावर, लाकडाखाली असतो: मुकुटाखाली आडवे राजदंड हे बर्मिंगहॅमच्या चाचणीगृहाचे (जिथे नळी दाब सोसते का ते तपासतात), मुकुट आणि जी. पी. ही गुंफलेली अक्षरं लंडनची, लंबवर्तुळात ई. एल. जी. म्हणजे बेल्जियमचं लिएज. त्यासाठी पुढचं लाकूड उतरवावं लागतं, आणि ते स्क्रूच्या खाचेत नेमक्या बसणाऱ्या पात्याच्या स्क्रूड्रायव्हरनेच. घरातला पाचराकृती पेचकस घसरतो आणि खाचेचे काठ कायमचे फाटतात.

ठसे वाचण्यासाठी पॉलिश, सँडपेपर, स्टील वूल, काही म्हणजे काही वापरू नये. ठशाची खोली मिलिमीटरच्या अंशात असते; गंज निघताना तोही जातो. तेलाचं बोट फिरवून, मऊ फडक्याने पुसून, अंधाऱ्या खोलीत टॉर्च जवळपास आडवी धरावी. समोरून टाकलेल्या उजेडात जो ठसा गुळगुळीत दिसतो, तो बाजूच्या उजेडात सावलीने उठून येतो. तरी नाही वाचता आला तर पातळ कागद ठेवून वर शिसपेन्सिल आडवी फिरवावी. काही ठसे कागदावर डोळ्यांपेक्षा स्पष्ट उमटतात. प्रत्येक दिशेने फोटो काढताना शेजारी मिलिमीटरची पट्टी ठेवावी.

बोअर मोजताना मार्टिनी-हेन्री एक अडचण उभी करते. हेन्रीच्या नळीत सात बाजू आहेत, २२ इंचात एक फेरी. सात हा विषम आकडा, म्हणजे एका खाचेच्या बरोबर समोर खाच येत नाही, उंचवटा येतो. साधा कॅलिपर लावला की माप खऱ्यापेक्षा कमी येतं आणि मग ‘ही वेगळीच बोअर दिसते’ अशा गप्पा सुरू होतात. मऊ शिशाची गोळी तेल लावून नळीतून हळू ठोकून काढावी आणि ती व्ही-आकाराच्या बैठकीच्या मायक्रोमीटरवर मोजावी. चेंबरसाठी सेरोसेफ ही कमी तापमानाला वितळणारी मिश्रधातू मिळते, ८० अंश सेल्सियसच्या आसपास ती वितळते. नळी तेलाचा हलका हात देऊन, पुढे फडक्याचा बोळा घालून ओतावी, थिजली की काढावी. ती आधी आकसते, मग पुन्हा फुगते, आणि तासाभराने चेंबरच्या मापाला येते. घाईने लगेच मोजलं तर अरुंद माप मिळतं. या साच्यावरच .५७७/.४५० चा, म्हणजे ब्रिटिश मार्टिनी-हेन्रीच्या काडतुसाचा, खांद्याचा आकार ओळखता येतो आणि तुर्की किंवा नंतर बदललेलं चेंबर वेगळं काढता येतं.

यांतलं कुठलंही काम करण्याआधी कायद्याची एक गोष्ट पक्की असावी. भारतात हत्यार जुनं आहे एवढ्यावर परवाना माफ होत नाही. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाच्या कलम ४५ मध्ये सूट आहे ती कालबाह्य नमुन्याच्या, पुराण मोलाच्या किंवा नादुरुस्त हत्याराला, आणि तीही ते दुरुस्त करूनसुद्धा बंदूक म्हणून वापरता येणार नसेल तरच. मार्टिनीचा ब्लॉक आणि स्ट्रायकर शाबूत असेल तर ती या सुटीत बसत नाही. वाड्याच्या माळ्यावर किंवा जुन्या पेटीत रायफल सापडली, तर तिच्यात काही न घालता, काही न काढता आधी पोलीस ठाण्यात लेखी कळवावं, पोच घ्यावी आणि मग परवाना, जमा किंवा संग्रहालयाला देणं यांपैकी रस्ता ठरवावा. १०० वर्षांहून जुन्या वस्तूला १९७२ चा पुरावशेष कायदाही लागू होऊ शकतो, आणि अशी वस्तू खासगी माणसाने देशाबाहेर पाठवणं बेकायदा आहे. लेखी कळवताना ‘एक जुनी बंदूक’ एवढंच न लिहिता उजव्या आणि डाव्या बाजूचे सगळे ठसे जसेच्या तसे, एकूण लांबी, नळीची लांबी आणि लिव्हरचा प्रकार अर्जात उतरवावा. अर्जासोबत जोडलेले पट्टीसकटचे फोटो नंतर संग्रहालयाच्या नोंदीतही जसेच्या तसे चालतात.